उंचवट्यापलीकडचं रान

"जोडी उलटी लावलीत तुम्ही," सबनीस सर म्हणाले. स्टिरिओस्कोपात डोळा घालायच्या आधीच म्हणाले, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"नाही सर. दोनदा बघितलं."

"तिसऱ्यांदा बघा."

मी तिसऱ्यांदा बघितलं. जोडी सरळ होती. मी उठून उभी राहिले आणि सरांना खुर्ची दिली.

सरांच्या संशयाला कारण होतं. औरंगाबादच्या त्या सरकारी ऑफिसात लागून मला दीड वर्ष झालं होतं. काम विमानातून घेतलेल्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे करायचं. विमान सरळ रेषेत जातं आणि ठरावीक अंतरानं खाली फोटो काढत राहतं. एकच जागा लागोपाठच्या दोन फोटोंत येते, पण जरा वेगळ्या ठिकाणाहून टिपलेली. स्टिरिओस्कोप म्हणजे आरसे आणि भिंगं बसवलेली चार पायांची घोडी. तिच्याखाली डावा फोटो डाव्या डोळ्यासमोर आणि उजवा उजव्या डोळ्यासमोर ठेवला की दोन्ही मिळून एक होतात आणि जमीन उठून उभी राहते. टेकडी वर येते, ओढा खाली जातो. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हात पुढं करून टेकडी चाचपतो.

फोटो अदलाबदल झाले तर सगळं उलटं. टेकडीचा खड्डा होतो आणि ओढ्याची डोंगररांग. लागल्यानंतर पहिल्याच महिन्यात मी अशी उलटी जोडी लावून एक अख्खा ओढा डोंगरावर चढवला होता. ऑफिसात आठ दिवस सगळे मला "भगीरथबाई" म्हणत होते. सरांनी तेवढं म्हटलं नव्हतं, पण विसरलेही नव्हते.

आता ते खुर्चीत बसून बघत होते. 

"जोडी सरळ आहे," शेवटी म्हणाले. "मग ही जमीन खाली कशी?"

मला तेच कळत नव्हतं.

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, परंड्याजवळच्या एका गावानं उपसा सिंचनाची सहकारी संस्था काढली होती. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. उपसा सिंचन म्हणजे नदीतलं पाणी मोटारीनं उचलायचं, पाइपातून उंचावरच्या एका हौदात सोडायचं आणि तिथून पाटानं शेतात न्यायचं. हौदापर्यंत पाणी मोटार नेते. हौदापुढं ते आपल्या पायानं जातं. म्हणून हौदापेक्षा जी जमीन खाली, ती योजनेत. जी वर, ती बाहेर.

योजनेतली जमीन कुठली चांगली, कुठली मुरमाड, उतार कसा, याचा नकाशा आमच्या ऑफिसनं द्यायचा होता. तो माझ्याकडं आला. सोबत पाटबंधाऱ्याच्या उपविभागानं केलेलं एक स्केच होतं. त्यात हौदाच्या पूर्वेला एक उंचवटा दाखवला होता, आणि उंचवट्यापलीकडच्या रानावर शाईनं लिहिलं होतं: 'पुढे उंच माळ. पाणी पोहोचत नाही.'

त्या माळावर अकरा घरांची मिळून चाळीसेक एकर जमीन होती. अकराही घरं बौद्धवाड्यातली. पूर्वीच्या वतनातून त्यांच्या नावावर झालेली जमीन. गावातली बाकीची जवळजवळ सगळी घरं संस्थेत सभासद होती. ही अकरा नव्हती, कारण जमीन उंच.

आणि माझ्या फोटोत ती जमीन हौदाच्या जागेपेक्षा खाली दिसत होती.

नुसतं दिसणं पुरत नाही, मोजावं लागतं. त्यासाठी पॅरॅलॅक्स बार असतो. एका दांडीवर दोन काचा, प्रत्येक काचेवर एक बारीक ठिपका. स्टिरिओस्कोपातून बघितलं की दोन ठिपक्यांचा एक होतो आणि तो हवेत तरंगतो. दांडीचा स्क्रू फिरवत तो खाली आणायचा. जमिनीला अलगद टेकला की आकडा वाचायचा. मग दुसऱ्या जागी टेकवायचा, पुन्हा वाचायचा. दोन आकड्यांतल्या फरकावरून उंचीतला फरक काढता येतो. माझ्या दोन आकड्यांत फरक आला होता पाव मिलिमीटर, म्हणजे तीन केस शेजारी ठेवले तर होतील एवढा. जमिनीवर त्याचे चार मीटर होत होते. पलीकडचं रान हौदापेक्षा चार मीटर खाली.

"विमान कललं असेल," सर म्हणाले. "त्यानं खोटा उतार येतो."

"म्हणून पुढच्या जोडीवर पण मोजलं सर. तिथं तीन मीटर ऐंशी आलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. ही त्यांची विचार करायची पद्धत.

"आपल्या मोजणीत दीड-दोन मीटरची चूक धरायची," ते म्हणाले. "तरी खालीच राहतं. लावा फोन पाटबंधाऱ्याच्या त्या डेप्युटींना."

ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस गेला. डेप्युटी इंजिनिअर साहेबांचा आवाज फोनवर असा येत होता की ते विहिरीत उभे राहून बोलतायत असं वाटावं.

"मॅडम, आम्ही जागेवर जाऊन बघितलंय. रस्ता चढ चढतो. साऱ्या गावाला माहीत आहे. त्याला नावच वरचा माळ आहे."

"लेव्हल घेतली होती का साहेब?"

"घेतली की. उंचवट्याच्या माथ्यापर्यंत घेतली. माथा हौदाच्या दोन मीटर वर आहे. पुढं घ्यायचं कारणच नव्हतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात? तुमचं कोणी आहे का तिथं?"

मी लोहाऱ्याच्या बौद्धवाड्यातली. आडनाव विचारण्यामागं काय असतं ते मला दुसरी-तिसरीपासून माहीत होतं. आवाज मी सरळ ठेवला.

"गायकवाड. तिथं माझं कोणी नाही साहेब. असतं तरी दांडीवर आकडा तेवढाच आला असता."

पलीकडून खरखर ऐकू आली. सबनीस सरांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"डेप्युटी साहेब, सोमवारी आम्ही येतो. तुम्ही लेव्हल आणि पट्टी धरायला खलाशी घेऊन या. मोजू या. बाई चुकल्या असतील तर चहा माझ्याकडून."

फोटो बाहेर न्यायचे म्हणजे तो एक सोहळाच असायचा. ते गोपनीय. कुलपातल्या कपाटात ठेवायचे, मागं शिक्का, रजिस्टरला दोन सह्या. सरांनी दोन्ही सह्या केल्या, आणि खिशात मावणारा छोटा घडीचा स्टिरिओस्कोप मला घ्यायला सांगितला.

सोमवारी सकाळी परंड्याच्या रेस्ट हाऊसमधून जीपनं निघालो. ज्वारीची काढणी संपत आली होती, खळ्यांवर कणसांचे ढीग होते. गाव ओलांडलं आणि जीप चढाला लागली. मी पुढच्या सीटवर होते. समोर उंचवटा, त्यावरून जाणारा रस्ता, त्यामागं लांबवर डोंगर. माथ्यावर आलो. पुढचं रान खरंच वर चढत चालल्यासारखं दिसत होतं. डोंगरापर्यंत एकच चढ. मी डोळे मिटले, उघडले. चढच.

सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मलाही तसंच दिसतंय."

डेप्युटी साहेब आधीच आले होते. फोनवरच्या आवाजावरून मी त्यांना आडदांड समजत होते, तर ते माझ्याएवढेच ठेंगणे, डोक्याला रुमाल बांधलेले. सोबत संस्थेचे चेअरमन अण्णा, पांढरीशुभ्र टोपी आणि हातात काठी. बौद्धवाड्यातलीही दहाबारा माणसं बांधावर येऊन बसली होती. त्यांच्यात सोजरबाई होती. साठीची, उंच, कमरेला विळा खोचलेला. माळावरचं पहिलंच रान तिचं.

सरांनी जीपच्या बॉनेटवर फोटो पसरले. सोजरबाई उठून आली आणि वाकून बघायला लागली. डेप्युटी साहेब म्हणाले, "सर, गोपनीय आहे ना ते?"

"त्यांचं रान त्यांच्यापासून काय गोपनीय," सर म्हणाले, आणि मला म्हणाले, "दाखवा बाईंना."

मी छोटा स्टिरिओस्कोप लावून दिला. सोजरबाईनं पदर मागं सारला, डोळे लावले. थोडा वेळ काही दिसेना. मग तिचा हात आपोआप पुढं गेला.

"आगं बया. ही बाभळ येवढी उंच कशी?"

मी सांगितलं की यातून सगळं आहे त्याच्या तिपटीनं उंच दिसतं.

"आन ही पांढरी रेघ म्हंजी ह्योच रस्ता. पर निम्माच हाय की."

फोटो बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात घेतलेले होते. हा रस्ता तेव्हा दुष्काळी कामातून बांधला जात होता. रेघ जिथं संपत होती तिथून पुढं ओळीनं बारीक ठिपके होते. ते कशाचे ते मला ऑफिसात कळलं नव्हतं. नकाशाच्या कच्च्या प्रतीवर मी तिथं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी विचारलं.

"खडीचं ढीग हायत ते," सोजरबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "ह्यातली खडी म्या फोडलीया. माजा ढीग बाभळीच्या अंगाला असायचा. बघू दे." तिनं बोटानं मोजले. "एक, दोन, तीन, चार. ह्यो. ह्यो माजा." मग मान वर करून ती बांधावरच्या बायकांना म्हणाली, "या गं, बघून जा. आपली खडी इमानातनं काडलीया."

बायका आल्या. मग पुरुष. मग अण्णाही आले आणि स्वतःचा वाडा शोधायला लागले. पाऊण तास मोजणी राहिली बाजूला. डेप्युटी साहेबांनी सगळ्यांच्या शेवटी डोळा लावला आणि काढायलाच तयार होईनात.

"उंचवटा दक्षिणेला संपतो की इथं," ते हळूच म्हणाले.

मला हेच दाखवायचं होतं. रस्त्यानं येणाऱ्याला उंचवटा आडवा येतो, म्हणून तो भिंत वाटतो. वरून बघितलं की ती पालथ्या घातलेल्या परातीसारखी एक छोटी फुगवटी आहे. दक्षिणेकडून तिला वळसा घालता येतो. पाट माथ्यावरून न्यायची गरजच नव्हती.

"व्हय, तिकडनंच येतंय पानी," सोजरबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"कुठलं पाणी?" सरांनी विचारलं.

"पावसाचं. हौदाकडच्या रानात पडलेलं पानी बाभळीपासनं वळसा घेतंय आन माज्या बांदावर येतंय. दर साली माजा बांद फुटतोय त्यानं."

"मग बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" डेप्युटी साहेब म्हणाले.

"कुनी इचारलं न्हाय," ती म्हणाली. रागानं नाही, विचारलं म्हणून सांगितलं तसं.

डेप्युटी साहेबांनी रुमाल सोडला, परत बांधला, आणि खलाशाला हाक मारली.

लेव्हल म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण. ती अगदी आडवी, समपातळीत बघते. समोर खलाशी आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहतो. पट्टीवरचा आकडा मोठा आला म्हणजे तो उभा आहे ती जमीन खाली. लहान आला म्हणजे वर. एवढंच गणित. हौदाच्या जागी खुणेला पुरलेल्या दगडावरून सुरुवात केली. डेप्युटी साहेब स्वतः दुर्बिणीवर बसले, आकडे मोठ्यानं सांगत होते, मी वहीत उतरवत होते. मागून अर्धं गाव चालत होतं.

पहिले चार आकडे हळूहळू वाढत गेले. जमीन खाली जात होती. पाचवा बाभळीपाशी. डेप्युटी साहेबांनी वाचला. परत वाचला.

"हौदापेक्षा पाऊण मीटर वर," ते म्हणाले.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. तसं असेल तर वळशातूनही पाणी जाणार नव्हतं. अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. फोटोतला तो तरंगता ठिपका मी कुठं टेकवला होता ते मी मनात आठवू लागले. झाडाच्या शेंड्यावर तर नाही?

"त्यो गडी बांदावर का हुबा ऱ्हायलाय?" सोजरबाईनं विचारलं.

सगळ्यांनी बघितलं. खलाशाला काटे चुकवायचे होते, म्हणून तो पट्टी घेऊन सोजरबाईच्या बांधावर चढला होता. डेप्युटी साहेबांनी हातानं खूण केली. तो खाली उतरला. पट्टी दुर्बिणीत झपकन खाली गेली.

"हौदापेक्षा चाळीस सेंटिमीटर खाली," डेप्युटी साहेब म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. पाटाला तेवढा उतार पुरतो.

तिथून पुढं प्रत्येक आकडा मोठाच येत गेला. डोळ्याला चढ दिसत होता आणि वहीत उतार पडत होता. मागच्या डोंगरामुळं होतं ते. एवढा मोठा चढ मागं असला की पुढचा बारीक उतार डोळ्याला कळत नाही. सोजरबाईच्या रानाच्या मध्यावर शेवटचा आकडा घेतला. मी बेरीज-वजाबाकी केली. सरांनी केली. मग डेप्युटी साहेबांनी वही मांडीवर घेऊन पहिल्यापासून केली. तिघांचं एकच आलं. हौदापेक्षा तीन मीटर दहा सेंटिमीटर खाली.

"तुम्ही चार म्हणाला होता," सर म्हणाले. "नव्वद सेंटिमीटर चुकलात."

आपली चूक ऐकून मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.

डेप्युटी साहेबांनी बॅगेतून स्केच काढलं, लाल पेन्सिलीनं ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, फोनवर मी जे विचारलं ते विचारायला नको होतं." मी मान हलवली. त्यांना ते सगळ्यांसमोर म्हणायची गरज नव्हती. तरी म्हणाले, हे मी लक्षात ठेवलंय.

राहिला प्रश्न पाण्याचा. अण्णांनीच तो काढला. "जमीन खाली हाय, कबूल. पर मोटारी तेवढ्याच हायत. चाळीस एकर वाढल्यावर पाळी कवा यायची?"

मी माझ्या नकाशाची कच्ची प्रत काढली. नदीकडच्या अंगाला एक मोठा फिकट पट्टा होता. फोटोत तो पांढुरका आणि खरबरीत दिसत होता. वर माती वीतभर, खाली सगळा खडक. स्केचमध्ये तो योजनेत धरला होता.

"अण्णा, हे रान कुणाचं?" मी विचारलं.

अण्णांनी नकाशा फिरवून बघितला. "माजंच."

"इथं काय पिकतं?"

अण्णा टोपी सारखी करत म्हणाले, "दगूड."

बांधावर जो हशा पिकला त्यात अण्णाही होते. हसू ओसरल्यावर ते डेप्युटी साहेबांना म्हणाले, "घ्या ते वगळून. दगडाला पानी पाजून काय करू म्या. ह्यांची नावं घाला यादीत."

सर्वसाधारण सभेत ते इतक्या सहज झालं नाही. दोन सभा लागल्या. पण अण्णा शब्दाला पक्के निघाले आणि अकराही घरं सभासद झाली. वळशाचा पाट त्या घरांनीच खणला.

पुढच्या रब्बीला पहिलं पाणी सोडायचं होतं, तेव्हा आम्हाला पोस्टकार्ड आलं. सर आणि मी या वेळी एसटीनं गेलो, रजा टाकून. हौदातून पाणी निघालं. नव्या पाटाची कोरडी माती आधी ते पिऊन टाकते, म्हणून पुढचं टोक फार सावकाश सरकतं, चालणाऱ्या माणसापेक्षा सावकाश. त्याच्या बरोबरीनं सगळा बौद्धवाडा चालत होता. कुणी पुढं जाऊन ढेकळं बाजूला करी, कुणी खेकड्याचं बीळ बुजवी. डेप्युटी साहेबही आले होते, चपला हातात घेऊन पाटाच्या कडेनं चालत होते. बाभळीपाशी पाणी क्षणभर थबकलं, चुळबुळलं आणि वळसा घेऊन पुढं गेलं.

सोजरबाईनं गहू पेरला होता. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं तेव्हा ती खोरं टेकवून उभी होती. वाफा भरल्यावर तिनं मातीचं दार फोडून पाणी दुसऱ्यात घेतलं, मग तिसऱ्यात. तिसरा भरल्यावर तिला आम्ही दिसलो.

"बसा की," ती म्हणाली. "हुबं काय ऱ्हायलाय? भाकरी खाऊन जायचं."

आम्ही बांधावर बसून ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ओल्या हरभऱ्याची भाजी खाल्ली. सर घरी मोजकं जेवणारे. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, आणि परतीच्या एसटीत औरंगाबादपर्यंत झोपले.

पुढं पंचवीस वर्षं मी हेच काम केलं आणि नवीन लागलेल्यांना शिकवलं. मोजणी जिथं संपते तिथं नकाशाही संपवायचा, असं मी त्यांना सांगायचे. पुढची जागा कोरी सोडायची, अंदाजानं एक शब्दही लिहायचा नाही. नकाशा अपुरा दिसतो, अशी त्यांची तक्रार असायची. तो असतोच अपुरा. तसा दिसला तर कुणीतरी जाऊन मोजून येतं.